ओढा गावाचा, फोटो कोणाचा?

दोन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही पाच जण पहाटे साडेचारला दादरहून निघालो आणि उजाडता उजाडता रायगड जिल्ह्यातल्या एका गावच्या ओढ्याशी पोहोचलो. तिबोटी खंड्याचे घरटे तिथे असल्याचा निरोप आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नकाशातल्या खुणेसह आला होता. तो इतरांनाही मिळाला असणार, कारण काठावर चौदा ट्रायपॉड आधीच उभे होते. जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर लांबीचा, नारिंगी आणि जांभळ्या रंगांचा हा पक्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे दिसू लागतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरून त्यात अंडी घालतो. त्या सकाळी चोचीत खेकड्याचे पिल्लू धरून तो बिळासमोरच्या वाळक्या वेलीवर येऊन बसला, मान खालीवर करीत राहिला, उडाला, पुन्हा आला, पुन्हा उडाला. बिळाच्या तोंडावर लोंबणाऱ्या मुळ्या कोणीतरी कोयत्याने छाटल्या होत्या आणि त्यांची कापलेली टोके अजून पांढरी होती. मी घड्याळ पाहिले तेव्हा चाळीस मिनिटे उलटली होती. खेकडा चोचीतच होता आणि दरडीच्या आतून पिल्लांचा बारीक, एकसुरी आवाज पावसातूनही ऐकू येत होता.

वरच्या खाचरात लावणी चालली होती. तिथला शेतकरी चिखलातून खाली आला, थोडा वेळ आमच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, त्याची पिल्लं उपाशी आहेत. जरा मागं सरा की." कोणीतरी उत्तर दिले, "हो काका, पाचच मिनिटं." पाच मिनिटांनी कोणी हलले नाही. मीही हललो नाही. तो काठ त्याच्या शेताचा होता, ज्या बांधावर आमचे ट्रायपॉड रोवलेले होते तो त्याने घातलेला होता, आणि तरीही तिथे उभे राहण्याआधी त्याला विचारावे असे आमच्यातल्या एकाच्याही मनात आले नव्हते.

हा लेख त्या न विचारण्याविषयी आहे. शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन मुंबईबाहेर पडणाऱ्यांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत कैक पटींनी वाढली, आणि पक्ष्यांना त्रास देऊ नये, कचरा टाकू नये, फ्लॅश वापरू नये असे उपदेशही तितकेच वाढले. हे उपदेश योग्यच आहेत, पण ते सगळे छायाचित्रकाराच्या विवेकावर सोपवलेले आहेत, आणि चौदा ट्रायपॉडांच्या रांगेत विवेकाचे काय होते ते मी स्वतःवरून सांगू शकतो. माझे म्हणणे असे की खेड्यातल्या पक्ष्याचे, ओढ्याचे, बाजाराचे आणि माणसाचे चित्र कोणी, कधी आणि कोणत्या अटींवर घ्यावे हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या गावाचा असला पाहिजे. आज तो कोणाचाच नाही, आणि जे कोणाचेच नसते ते सर्वांत आधी पोहोचणाऱ्याचे होते.

अभयारण्याच्या हद्दीत निदान एक व्यवस्था आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात छायाचित्रणासाठी प्रवेश परवान्याची तरतूद आहे, फाटकावर कॅमेऱ्याची वेगळी पावती फाडली जाते आणि सोबत वाटाड्या असतो. ही व्यवस्थाही पुरी पडत नाही. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले, त्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथे दखल घेता आली, कारण तिथे जबाबदार धरता येईल असे कोणीतरी होते. पण मुंबईकर हौशी छायाचित्रकाराला हवे असलेले पुष्कळसे वन्यजीव अभयारण्याबाहेरच राहतात. लांडगा आणि खोकड माळरानावर, धनेश देवराईत, बदके पाझर तलावावर, बेडूक भाताच्या खाचरात. तिथे फाटक नाही आणि पावतीही नाही. त्याच कायद्याने शिकार या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यात वन्य पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणेही येते, हे आमच्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मुळ्या छाटणारा तो कोयता कायद्याच्या भाषेत काय होता, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता, पुढे पुष्कळ केला.

चित्र काढल्याने काही जात नाही, उलट लोकांमध्ये जाणीव वाढते, असे सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी झटकून टाकणार नाही. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांची चित्रे वर्षानुवर्षे मुंबईच्या वर्तमानपत्रांत येत राहिली नसती, तर ज्या खाडीला शहर गटार समजत होते तिचा एक भाग २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) होण्याइतका लोकांच्या मनात ठसला नसता, असे मला वाटते. रानपिंगळ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १८८४ नंतर या घुबडाची एकही खरी नोंद नव्हती. मधली एक नोंद होती, ती रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, त्यावर १९१४ ची खोटी चिठ्ठी लावून तयार केलेली होती, आणि त्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांना भलत्याच जागी धाडले. अखेर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला तो पुन्हा दिसला आणि त्याची छायाचित्रे घेतली गेली. एकशे तेरा वर्षांनी जिवंत पक्षी आहे हे जगाला पटले, त्यात कॅमेऱ्याचा वाटा होता. २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्याच्या परिसरात आढळला तेव्हा आम्हा सर्वांना झालेला आनंद खराच होता.

पण त्यानंतर काय झाले तेही सांगितले पाहिजे. रानपिंगळा दिवसा वावरतो, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो आणि आपल्या जातीचा आवाज ऐकला की चटकन उत्तर देतो. छायाचित्रकाराला याहून सोयीचा पक्षी मिळणे कठीण. मोबाइलला छोटा स्पीकर जोडून त्याचा आवाज लावायचा, याला आमच्या भाषेत 'कॉल लावणे' म्हणतात. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून पक्षी धावून येतो, अंगावरची पिसे फुलवतो, आणि चित्र सुरेख येते. अशा धावपळीत तो दिवसातून किती वेळा पडला, त्या वेळेत किती सरडे आणि उंदीर त्याने पकडले असते, घरट्यावर कोण होते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पक्ष्याच्या दृष्टीने पहिला छायाचित्रकार आणि चाळिसावा छायाचित्रकार यांत फरक नाही, जाणिवेच्या दृष्टीने मात्र चाळिसाव्या चित्राने काहीही वाढत नाही. जाणिवेचा युक्तिवाद पहिल्या चित्राला लागू पडतो आणि त्याच्या आडोशाला उरलेली एकोणचाळीस चित्रे घेतली जातात.

तानसाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट बोलून टाकतो. तानसा धरणाचे पाणी मुंबईला १८९२ पासून येते. भातसा, वैतरणा, मोडकसागर ही आमच्या नळांची इतर नावे. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघते तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाड्यांच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही गाडी लावतो, त्यांच्या विहिरीवर तोंड धुतो, त्यांच्या रानातला पक्षी टिपतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी परततो. या सबंध व्यवहारात गावाला चहाच्या चार कपांपलीकडे काही मिळत नाही.

काजव्यांच्या बाबतीत तर चित्रच उपद्रवाचे मूळ झाले आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या सरींनंतर, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांतली हिरड्याची आणि सादड्याची झाडे लुकलुकू लागतात. नर मादीला आपली खूण पटवण्यासाठी प्रकाश सोडतो, आणि हे सगळे जुळून यायला त्याच्याकडे थोड्याच रात्री असतात. आता या झाडांची जी छायाचित्रे फिरतात, ज्यांत प्रत्येक पानावर दिवा लागल्यासारखा दिसतो, ती एका क्षणाची नसतात. वीस-तीस सेकंदांची अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकावर एक चढवलेली असतात. तंत्र म्हणून त्यात काही गैर नाही, पण चित्राखाली ते लिहिलेले नसते. ते चित्र पाहून मुंबईहून निघालेले कुटुंब रात्री नऊ वाजता झाडाखाली उभे राहते, चित्रातली रोषणाई दिसत नाही म्हणून पुढे सरकते, बॅटरी पाडते, फांदी हलवते. मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे झाडावर पडतात आणि झाड विझते. मी हे दोन वेगवेगळ्या गावांत पाहिले आहे. दोन्ही ठिकाणी अंधारात उभा असलेला गावकरी "लाइट बंद करा" असे ओरडत होता आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते, कारण त्याच्या अंगावर खाकी नव्हती.

आता माणसांकडे येतो. तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार हा पक्ष्यांइतकाच आमच्या हौसेचा विषय आहे. पालघर जिल्ह्यातल्या अशाच एका बाजारात मे महिन्यात मी करवंदे विकणाऱ्या एका आजींचे छायाचित्र घेतले होते. पानांचे द्रोण, काळी करवंदे, सुरकुतलेला हात, खांद्यावर विरलेले लुगडे. चित्र चांगले आले होते आणि मला ते फार आवडले होते. पुढच्या खेपेला मी त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत काढून घेऊन गेलो, त्या खूश होतील अशा अपेक्षेने. आजींनी प्रत लांब धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली, आणि खांद्याच्या त्या विरलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कशाला काढलंस? सांगितलं असतंस तर नवं नेसून आले असते."

त्यांचे पुष्कळांनी फोटो काढले होते, हे शेजारच्या सुकट विकणाऱ्या बाईंनी सांगितले. प्रत मात्र त्यांनी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. आजी हिरवे नवे लुगडे नेसून, केसांत फूल माळून, नातवाला सोबत घेऊन आल्या होत्या. बसायला त्यांनी नकार दिला. मोबाइल रिचार्जच्या दुकानासमोर, नातू ज्या दुचाकीच्या हप्त्यासाठी वापीला कामाला जातो त्या दुचाकीवर हात ठेवून, ताठ उभ्या राहिल्या आणि थेट कॅमेऱ्यात पाहू लागल्या. हे दुसरे चित्र 'ग्रामीण जीवन' विभागाच्या कोणत्याही स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद होईल, कारण मुंबईच्या भिंतींवर लागणाऱ्या खेड्यात चुलीचा धूर आणि त्यातून येणारी उन्हाची तिरीप असावी लागते, रिचार्जचे दुकान असून चालत नाही. एसटी स्टँड, कोचिंग क्लासच्या पाट्या, रेशनची रांग, सिमेंटच्या घरावरची डिश, हे सगळे आम्ही चौकटीच्या बाहेर ठेवतो आणि उरलेल्या भागाला खेड्याचे सत्य म्हणतो. आजींना विचारले असते तर सत्य वेगळे निघाले असते, आणि ते त्यांचे असते.

कायदा इथेही आमच्या बाजूला झुकलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राची मालकी सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराची होते, चित्रातल्या माणसाची नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, पण करवंदे विकणाऱ्या बाईंनी त्याच्या आधारे कोणाकडे दाद मागावी? आपला चेहरा मुंबईतल्या कोणत्या दालनात लागला आहे हेच जिथे त्यांना कळत नाही, तिथे हक्क कागदावर राहतो. म्हणूनच एकट्या माणसाने एकट्या छायाचित्रकाराला अडवावे अशी अपेक्षा मला पुरेशी वाटत नाही. गावाने मिळून काही ठरवले तरच त्याला वजन येते.

असे ठरवता येते याचा पुरावा कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन उभे केले. एकेकाळी जिथे कासवाची अंडी खणून नेली जात, तिथे आता ती कुंपणात सुरक्षित ठेवली जातात, आणि पिल्ले समुद्राकडे सोडली जातात तेव्हा पाहुण्यांनी वाळूत बांधलेल्या दोरीच्या अलीकडे थांबायचे असते. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात. ती दोरी साधी सुतळीची असते आणि कोणीही ओलांडू शकेल अशी असते, पण ती ओलांडणाऱ्याला गावातला शाळकरी मुलगासुद्धा मागे बोलावतो, आणि पुण्या-मुंबईचा माणूस निमूट मागे येतो. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर मासेमारी करणारे नावाडी आज पक्षी दाखवतात. कोणता थवा बुजला आहे आणि होडी कुठे थांबवायची हे त्यांना कळते, आणि होडी त्यांच्या हातात असल्याने त्यांचा शब्द चालतो. तिथेही सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. जास्त पैसे देऊ करणाऱ्याच्या आग्रहापुढे होडी थव्याच्या अंगावर नेली जाते, हेही मी पाहिले आहे. गावाला अधिकार दिला की गाव लगेच शहाणे होते, असा माझा दावा नाही.

यावर एक रोखठोक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्या गावात पोरांच्या गळ्यात बेचकी असते, वणवे लावले जातात, सापळ्यात रानडुक्कर आणि प्रसंगी बिबट्याही अडकतो, त्या गावाच्या हाती पक्ष्यांची राखण कशी द्यायची? माझे उत्तर असे की ती राखण आजही त्याच्याच हाती आहे. घरट्याचा ओढा त्याच्या शेतातून वाहतो, वर्षाचे तीनशे साठ दिवस तिथे तोच असतो, आणि बेचकी खाली ठेवायला त्या पोराला कारण हवे असेल तर ते आमच्या उपदेशात सापडणार नाही. त्या पक्ष्यामुळे आपल्या गावाचा शब्द चालतो आणि चार घरांत पैसे येतात, हे त्याने पाहिले तर कदाचित सापडेल.

यासाठी नवी यंत्रणा शोधायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद केली आहे. अनेक गावांत ही समिती कागदावर आहे आणि नोंदवही कपाटात आहे. व्यापारी कारणासाठी जैविक संसाधने गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार समितीला आहे. वनस्पतीची मुळी नेणाऱ्याला ती हटकू शकते, छायाचित्र नेणाऱ्याला नाही, कारण छायाचित्र हे संसाधन मानलेले नाही. माझी मागणी अशी की राज्य शासनाने या समित्यांना अभयारण्याबाहेरच्या छायाचित्रणासाठी नियम करण्याचा, विणीच्या काळात एखादी जागा बंद ठेवण्याचा आणि गावातल्या वाटाड्याशिवाय आत न जाण्याची अट घालण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्यावा. पालघर आणि ठाण्याच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी आधीच अधिक अधिकार आहेत, तिथून सुरुवात करता येईल.

शासन हे करीपर्यंत मुंबईत बसून आम्हालाही बरेच करता येते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. छायाचित्रणाच्या संस्थांनी आपल्या स्पर्धांतून घरट्यावरची चित्रे बाद करावीत, माणसाच्या चित्रासोबत त्या माणसाची संमती आणि त्याला प्रत दिल्याची नोंद मागावी, आणि काजव्यांसारखी रचलेली चित्रे रचलेली आहेत असे खाली छापावे. मोबाइलने काढलेल्या चित्राच्या पोटात त्या जागेचे अक्षांश-रेखांश जात असतात. ते काढून टाकायला अर्धे मिनिट लागते. "लोकेशन टाक ना" या विनंतीला नकार देणे मात्र कठीण जाते, कारण नकार देणारा माणूस आमच्यात कंजूष ठरतो. ई-बर्डसारख्या नोंदींच्या जागतिक संकेतस्थळानेही शिकारीचा किंवा उपद्रवाचा धोका असलेल्या जातींची नेमकी ठिकाणे लपवण्याची पद्धत ठेवली आहे. जे शास्त्रीय नोंदीला परवडते ते आमच्या हौसेला परवडायला हरकत नसावी.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी पुन्हा त्या ओढ्याकडे गेलो. या वेळी एकटा होतो, आणि आधी वरच्या खाचरात जाऊन विचारायचे असे ठरवून गेलो होतो. विचारण्याची वेळ आली नाही. रस्त्यावरून ओढ्याकडे उतरणारी पायवाट करवंदीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या टाकून बंद केलेली होती, आणि शेतकरी बांधावर इरले बाजूला ठेवून भाकरी खात बसला होता. त्याने मला ओळखले नाही. पाठीवरची कॅमेऱ्याची पिशवी मात्र ओळखली. खंड्या आला आहे का, असे मी विचारले. आला आहे, त्याने सांगितले, पण या वर्षी कोणाला खाली सोडत नाही. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "गणपतीनंतर या. तोवर पोरं उडून जातील त्याची."

मी गाडी वळवली.